आपत्कालीन निवासाचे जुने ट्रेलर आणि त्यांतील हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील कतरीना आणि रीटा या चक्रीवादळांनंतर बेघर झालेल्या कुटुंबांना दिलेले निवासी ट्रेलर पुढे लिलावात विकले गेले आणि आजही हस्ते-परहस्ते फिरत आहेत. त्यांतील हवेविषयी, विशेषतः तीत साचणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या घातक वायूविषयी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. अमेरिकेत स्वस्तात जुना कॅम्पर घेण्याच्या किंवा तशा ट्रेलरमध्ये भाड्याने राहण्याच्या विचारात असलेल्या मराठी वाचकांना ती विशेष उपयोगी पडावीत.

हे ट्रेलर नेमके कोणते आणि ते शिल्लक कसे राहिले?

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरीना चक्रीवादळ आखाती किनाऱ्यावर धडकले, न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले, आणि महिना उलटण्याच्या आत रीटा वादळाने त्याच पट्ट्याला पुन्हा तडाखा दिला. लुइझियाना आणि मिसिसिपी राज्यांत लाखो लोकांच्या डोक्यावर छप्पर उरले नाही. फेमा, म्हणजे अमेरिकेची संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, हिने या कुटुंबांसाठी सुमारे १ लाख ४५ हजार ट्रेलर आणि फिरती घरे खरेदी केली. त्यावर सुमारे २७० कोटी डॉलर खर्च झाले. मागणी एवढी मोठी आणि घाई एवढी होती की कारखान्यांनी अल्पावधीत विक्रमी संख्येने ट्रेलर तयार केले. त्यांपैकी काही वापरलेच गेले नाहीत. आर्कान्सामधील होप या गावच्या विमानतळावर हजारो फिरती घरे रांगेने उभी राहिली. वापरलेली घरेही कुटुंबे बाहेर पडू लागली तशी परत आली, आणि एवढ्या साठ्याचे करायचे काय, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला.

ट्रॅव्हल ट्रेलर, पार्क मॉडेल आणि मोबाइल होम यांत फरक काय?

हा फरक नीट समजून घ्यावा, कारण सगळ्या गोंधळाचे मूळ त्यातच आहे. ट्रॅव्हल ट्रेलर हे गाडीमागे जोडून न्यायचे, साधारण आठ फूट रुंद आणि तीस फूट लांब असे सुट्टीपुरते वाहन आहे. पार्क मॉडेल त्याहून थोडे मोठे, पण ४०० चौरस फुटांच्या आतले असते. मोबाइल होम हे कारखान्यात बांधलेले पुरते घर असते. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मोबाइल होममध्ये वापरायच्या प्लायवुड आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या भुग्याची दाबलेली फळी) यांतून किती फॉर्मल्डिहाइड बाहेर पडू शकतो, याची मर्यादा घालून दिली होती. ट्रॅव्हल ट्रेलर आणि पार्क मॉडेल कायद्याच्या दृष्टीने ‘घर’ नसल्यामुळे त्यांना ही मर्यादा लागू नव्हती. सुट्टीचे चार दिवस काढण्यासाठी बनवलेल्या वाहनात लेकराबाळांसह कुटुंबांना महिनोन् महिने, काहींना दोन-दोन वर्षे ठेवले गेले, आणि घरासाठी असलेले संरक्षण मात्र त्यांना मिळाले नाही.

हवेत दोष उत्पन्न होतो तो कशामुळे?

मुख्य दोष फॉर्मल्डिहाइड या वायूचा. ट्रेलरच्या भिंती, कपाटे, पलंगांचे तळ आणि जमीन यांसाठी पातळ प्लायवुड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी) वापरतात. लाकडाचा भुगा किंवा पातळ पापुद्रे एकत्र धरून ठेवण्यासाठी जी युरिया-फॉर्मल्डिहाइड राळ लागते, ती स्वस्त असते आणि लवकर सुकते. पण तिच्यातला न जुळलेला फॉर्मल्डिहाइड हवेत निसटत राहतो. शिवाय दमट हवेत पाण्याच्या अंशाने राळेचे बंध तुटतात आणि नवा वायू तयार होतो. त्यामुळे उष्णता आणि दमटपणा वाढला की प्रमाणही वाढते. आणि आखाती किनाऱ्यावरचा उन्हाळा उष्ण आणि दमट असा दोन्ही असतो.

ट्रेलरमधल्या एखाद्या कपाटाचा खण बाहेर काढून आतली फळी पाहिली तर गोष्ट लगेच ध्यानात येते. दर्शनी बाजूला लाकडाचा रंग आणि रेषा छापलेला कागद किंवा प्लास्टिकचा पातळ थर असतो. पण मागची बाजू, कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोके उघडी असतात, आणि तेथे दाबलेला भुगा सरळ हवेला लागलेला दिसतो. वायू बाहेर पडतो तो मुख्यतः अशा उघड्या जागांमधून. साध्या घरातही अशा फळ्या असतात, पण तेथे खोल्या मोठ्या आणि हवा भरपूर असते. ट्रेलरमध्ये थोड्याशा हवेभोवती चहूबाजूंनी अशा फळ्यांचे वेष्टन असते, आणि वातानुकूलनासाठी खिडक्या बंद ठेवल्या की बाहेरची हवा आत येण्याचे मार्ग फार थोडे उरतात.

तक्रारी केव्हा सुरू झाल्या आणि सरकारने काय केले?

२००६ च्या सुरुवातीपासूनच रहिवासी सांगू लागले होते की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोके दुखते, मुलांचा घोळणा फुटतो आणि दम्याचा त्रास वाढतो. त्याच वर्षी सिएरा क्लब या पर्यावरणवादी संघटनेने मिसिसिपीतील तीसेक ट्रेलरमधील हवा तपासली. जवळजवळ सर्वच ठिकाणी प्रमाण चिंताजनक निघाले. पण राहत्या ट्रेलरची सर्वसाधारण तपासणी करण्यास फेमा तयार झाली नाही. १९ जुलै २००७ रोजी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे, अध्यक्ष हेन्री वॅक्समन असताना, जी सुनावणी झाली तिच्यात संस्थेचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला: तपासणी केली की तिच्या निष्कर्षांची जबाबदारी घ्यावी लागेल, या भीतीने संस्थेच्या वकिलांनी आपल्या संमतीशिवाय तपासणी सुरू करू नये असे कळवले होते. फेमाचे तत्कालीन प्रमुख डेव्हिड पॉलिसन यांना समितीपुढे उत्तरे द्यावी लागली.

या प्रकरणातली सर्वात क्लेशदायक बाब हीच आहे, असे आम्हाला वाटते. रसायन नवे नव्हते आणि त्याचे परिणामही ठाऊक होते. मोजमाप करण्याची साधने उपलब्ध असताना, लोक आजारी पडत असताना, मोजलेच नाही म्हणजे कळलेही नाही, अशी सोय करून घेण्यात आली.

तपासणीत प्रत्यक्षात किती प्रमाण आढळले?

हवेतील फॉर्मल्डिहाइड पीपीबी या एककात मोजतात. एक पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत एक भाग. रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये लोक राहत असलेल्या ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होममधील हवा तपासली. सरासरी प्रमाण ७७ पीपीबी निघाले. सर्वात कमी नोंद ३ पीपीबीची, तर सर्वात जास्त ५९० पीपीबीची होती. साध्या अमेरिकी घरात हे प्रमाण सहसा १० ते ३० पीपीबीच्या दरम्यान असते. ट्रॅव्हल ट्रेलरची सरासरी मोबाइल होमपेक्षा जास्त होती.

हे आकडे थंडीतले आहेत, हे विसरता कामा नये. उन्हाळ्यात, आणि ट्रेलर अगदी नवे असताना, प्रमाण याहून जास्त असणार हे सीडीसीनेही मान्य केले, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना उष्मा वाढण्याआधी लोकांना, विशेषतः मुले, वृद्ध आणि श्वसनाचे विकार असलेल्यांना, बाहेर काढावे असे सांगितले. तोवर वादळाला अडीच वर्षे होत आली होती.

किती प्रमाण सुरक्षित मानायचे? वेगवेगळे आकडे ऐकू येतात.

ते वेगवेगळ्या हेतूंनी ठरवलेले आहेत, म्हणून वेगळे आहेत. कारखान्यातील कामगारासाठी अमेरिकेची कायदेशीर मर्यादा ७५० पीपीबी आहे. ती आठ तासांची पाळी करून घरी जाणाऱ्या प्रौढासाठी आहे. कामगार आरोग्यावर संशोधन करणारी तेथील संस्था मात्र १६ पीपीबीची शिफारस करते. जागतिक आरोग्य संघटनेची घरातील हवेसाठीची मार्गदर्शक मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ८० पीपीबी, आहे आणि ती अर्ध्या तासाच्या सरासरीसाठी आहे. दीर्घकाळ संपर्कासाठी अमेरिकेच्या विषारी पदार्थ नोंदणी संस्थेने ८ पीपीबी हा अत्यंत सावध आकडा सुचवला आहे.

याच संस्थेच्या फेब्रुवारी २००७ च्या अहवालात ट्रेलरसाठी ३०० पीपीबी हा निकष वापरला गेला, आणि फेमाने त्याचा आधार घेऊन खिडक्या उघडल्या की काळजीचे कारण नाही असे सांगितले. संस्थेतीलच वरिष्ठ शास्त्रज्ञ ख्रिस्तोफर डी रोझा यांनी त्यास लेखी आक्षेप घेतला. दीर्घकालीन परिणाम आणि कर्करोगाचा धोका त्यात विचारातच घेतला नव्हता. पुढे तो अहवाल दुरुस्त करावा लागला. चोवीस तास राहण्याच्या जागेला कामाच्या पाळीचा मापदंड लावता येत नाही, एवढे वाचकाने धरून ठेवावे.

आरोग्यावर कोणते परिणाम होतात?

अल्पकाळात डोळे, नाक आणि घसा यांचा दाह होतो, खोकला येतो, छाती भरून आल्यासारखी वाटते, डोके दुखते. दमा असलेल्यांना याचा अधिक त्रास होतो. दीर्घकाळाचा विचार करता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. नाकामागच्या घशाच्या भागाचा कर्करोग आणि रक्ताचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. याचा अर्थ ट्रेलरमध्ये राहिलेल्या प्रत्येकाला हा रोग होईल असा नाही. प्रमाण जितके जास्त आणि काळ जितका मोठा तितका धोका वाढतो. लहान मुले शरीराच्या मानाने अधिक हवा आत घेतात आणि अनेकदा दिवसभर घरातच असतात, म्हणून त्यांच्याबाबत अधिक सावध राहावे. लक्षणे असतील तर डॉक्टरांना राहण्याच्या जागेविषयी आपणहून सांगावे. बाहेर गेल्यावर त्रास कमी होतो आणि परतल्यावर वाढतो का, ही माहिती निदानाला मदत करते.

वास येत नसेल तर हवा चांगली आहे असे समजावे का?

नाही. या वायूचा उग्र, नाकात झोंबणारा वास कोणाला लवकर जाणवतो, कोणाला फार उशिरा. अनेकांना जाणवतो त्या प्रमाणाच्या खूप आधीच दीर्घकालीन मर्यादा ओलांडलेली असते. शिवाय नाक वासाला सरावते. जागा दाखवण्यापूर्वी मालकाने दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या असतील, तर त्या भेटीवरून काहीच ठरवता येणार नाही.

राहण्यास अयोग्य ठरल्यावरही हे ट्रेलर घरे म्हणून कसे वापरले गेले?

फेमाने २००७ च्या उन्हाळ्यात विक्री थांबवली होती. परंतु साठवणुकीचा खर्च वाढत गेला आणि जानेवारी २०१० मध्ये शासकीय लिलावात ९० हजारांहून अधिक ट्रेलर घाऊक व्यापाऱ्यांना विकण्यात आले. सगळे मिळून सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलर आले, म्हणजे एका ट्रेलरमागे सरासरी दीड हजार डॉलरही नाहीत. निवासासाठी वापर करू नये असा इशारा देणारे स्टिकर त्यांवर लावण्यात आले आणि पुढच्या ग्राहकालाही तसे सांगण्याची अट खरेदीदारांकडून लिहून घेतली गेली.

काचेवरचा स्टिकर नखाने खरवडूनही निघतो, आणि नेमके तेच झाले. काही महिन्यांत मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला आणि तेल समुद्रात पसरले. लुइझियानाच्या किनाऱ्यावर तेल साफ करायला आलेले मजूर याच ट्रेलरमध्ये राहत असल्याचे त्याच उन्हाळ्यात वार्ताहरांना आढळले. पुढे उत्तर डकोटाच्या तेलक्षेत्रातही ते दिसले. जेथे अचानक कामगार येतात आणि घरे नसतात तेथे हे ट्रेलर पोहोचतात. वादळाने बेघर झालेल्यांनंतर ते अशाच लोकांच्या वाट्याला आले ज्यांना दुसरी निवड नव्हती. एवढ्या कमी पैशांसाठी ते बाजारात सोडण्यापेक्षा सरळ तोडून टाकणे अधिक जबाबदारीचे ठरले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपण पाहत असलेला ट्रेलर त्यांपैकी आहे हे कसे ओळखावे?

निर्मितीची तारीख २००५ च्या अखेरीची किंवा २००६ ची असेल तर अधिक चौकशी करावी. या कामासाठी बनवलेले ट्रेलर बहुतेक पांढरे आणि साधे होते, आणि घराच्या सांडपाणी वाहिनीला कायमचे जोडायचे असल्यामुळे त्यांत अनेकदा मैलापाण्याच्या टाक्या नसत. गल्फ स्ट्रीम कोच या कंपनीचे ‘कॅव्हेलिअर’ हे मॉडेल फेमाने फार मोठ्या संख्येने घेतले होते. दारावर आणि खिडक्यांवर चौकोनी डिंकाचे डाग किंवा आजूबाजूपेक्षा उजळ राहिलेला पट्टा दिसतो का ते पाहावे. वाहन क्रमांक जोडदांड्यावर आणि दाराजवळच्या पट्टीवर असतो. तो दोन्हीकडे सारखा आहे ना आणि मालकीच्या कागदाशी जुळतो ना, हे तपासावे. पहिल्या मालकापासूनची कागदपत्रे विक्रेता दाखवत नसेल तर व्यवहार करू नये.

एवढ्या वर्षांनी वायू संपून गेला नसेल का?

बराच कमी झाला असेल, हे खरे. राळेतला मोकळा फॉर्मल्डिहाइड पहिल्या काही महिन्यांत वेगाने आणि पुढे हळूहळू बाहेर पडतो. पण सीडीसीच्या तपासणीच्या वेळी बरेच ट्रेलर दोन वर्षांचे झाले होते आणि तरीही सरासरी साध्या घराच्या कितीतरी पट होती. दमट हवेत राळ तुटण्याची क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून वयावरून तर्क करू नये, मोजावे.

मोजमाप कसे करावे?

विश्वासार्ह पद्धत म्हणजे प्रयोगशाळेकडून नमुना घेण्याची नळी किंवा बिल्ला मागवणे, ठरलेला वेळ तो खोलीत टांगून ठेवणे आणि परत पाठवणे. खिडक्या आदल्या रात्रीपासून बंद ठेवाव्यात, उन्हाळ्यातला दिवस निवडावा, बिल्ला माणूस बसतो-झोपतो त्या उंचीवर ठेवावा आणि तापमानाची नोंद करावी. त्या काळात आत धूम्रपान करू नये आणि गॅसची शेगडी पेटवू नये, कारण ज्वलनातूनही हाच वायू निर्माण होतो. बाजारातली हातात धरायची स्वस्त यंत्रे मद्यार्क, अत्तर किंवा साफसफाईच्या द्रवांनाही प्रतिसाद देतात. त्यांचा आकडा प्रमाण मानू नये.

प्रमाण कमी करण्याचे उपाय कोणते?

सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे बाहेरची हवा. २००६ मध्ये ९६ रिकाम्या ट्रेलरवर शासकीय चाचणी झाली; बंद स्थितीत सरासरी १,०४० पीपीबी होते, वातानुकूलन चालू ठेवून ते ३९० वर आले, आणि खिडक्या-झरोके उघडे ठेवल्यावर ९० वर. फरक मोठा आहे, पण ९० हाही राहण्यासाठी चांगला आकडा नाही, आणि ३५ अंशांच्या उकाड्यात किंवा डासांच्या हंगामात चोवीस तास खिडक्या उघड्या ठेवणे कोणालाही शक्य नसते. आतले तापमान आणि दमटपणा कमी ठेवल्याने मदत होते. फळ्यांच्या उघड्या कडा आणि मागच्या बाजू योग्य लेपाने बंद केल्या, किंवा कपाटे आणि पलंगांचे तळ काढून घन लाकडाचे केले, तर मूळ स्रोतच घटतो.

धूळ गाळणारे शुद्धीकरण यंत्र वायूवर चालत नाही. साधा सक्रिय कोळसाही फॉर्मल्डिहाइड फारसा धरून ठेवत नाही. त्यासाठी खास रसायन मुरवलेले माध्यम लागते आणि ते वरचेवर बदलावे लागते. ओझोन सोडणारी यंत्रे तर वापरूच नयेत, कारण ओझोन स्वतः फुप्फुसांना घातक आहे आणि घरातील इतर द्रव्यांशी संयोग होऊन त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होऊ शकतो. कुंड्यांतल्या रोपांनी प्रत्यक्ष घरात मोजण्याजोगा फरक पडत नाही.

हवेचे आणखी कोणते धोके असतात?

छताच्या सांध्यातून गळती होऊन भिंतींच्या आत बुरशी धरणे, आणि प्रोपेनच्या शेगडीतून किंवा हीटरमधून कार्बन मोनॉक्साइड साचणे. दुसरा धोका काही तासांत जीव घेऊ शकतो. चालू स्थितीतला सूचक गजर नसेल तर त्या ट्रेलरमध्ये एक रात्रही झोपू नये.

न्यायालयात काय निष्पन्न झाले आणि कायदा बदलला का?

न्यू ऑर्लिन्सच्या संघीय न्यायालयात हजारो दावे एकत्र चालले. २०१२ मध्ये उत्पादक आणि ट्रेलर बसवणारे ठेकेदार यांनी मिळून सुमारे ४ कोटी २६ लाख डॉलर देण्याची तडजोड मंजूर झाली; दावेदार सुमारे ५५ हजार असल्यामुळे एकेकाच्या वाट्याला सरासरी आठशे डॉलरांहून कमी आले.

कायद्याचा बदल मात्र खरा आणि टिकाऊ ठरला. जुलै २०१० मध्ये संमिश्र लाकडी फळ्यांसाठी उत्सर्जनाची राष्ट्रीय मर्यादा घालणारा कायदा झाला. त्याचे नियम पुढे लागू झाले आणि ट्रेलरमध्ये वापरल्या जाणाऱ्या फळ्याही त्यांच्या कक्षेत आल्या. फेमानेही २००८ पासून नव्या खरेदीसाठी १६ पीपीबीची अट घातली. म्हणून अलीकडच्या आपत्तींत दिलेली नवी घरे आणि २००५-०६ चे ट्रेलर यांना एकाच मापाने मोजू नये.

भारतातील वाचकाचा याच्याशी काही संबंध आहे का?

हे ट्रेलर भारतात नाहीत, पण फळी तीच आहे. नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या तयार ट्रॉल्या, भिंतीभर कपाटे आणि पलंग एकाच आठवड्यात बसवले जातात आणि लगेच वातानुकूलन लावून खिडक्या बंद होतात. प्लायवुड किंवा एमडीएफ घेताना फॉर्मल्डिहाइडच्या उत्सर्जनाचा ई-१ (कमी वायू सोडणाऱ्या फळ्यांचा) किंवा त्याहून कडक वर्ग लेखी मागावा, सुताराला कापलेल्या सर्व कडा बंद करायला सांगावे, आणि काम संपल्यावर काही आठवडे घर उघडे ठेवूनच राहायला जावे.

असा ट्रेलर आधीच घेतला आहे. आता काय करावे, आणि तो पुढे विकता येईल का?

आत कोणी राहत असेल तर आधी मोजमाप करावे आणि तोवर मुलांची आणि दमेकऱ्यांची झोपण्याची सोय दुसरीकडे करावी. अवजारे ठेवण्यासाठी किंवा बांधकामावरचे कोठार म्हणून, जेथे कोणी झोपत नाही, त्याचा उपयोग होऊ शकतो. विकायचा झाल्यास विक्रीच्या कागदातच तो कतरीनाच्या साठ्यातला आहे आणि निवासासाठी वापरण्याजोगा नाही असे लिहावे, तपासणीचा अहवाल असेल तर त्याची प्रत जोडावी, आणि स्टिकर निघालेला असेल तर तोच मजकूर न पुसता येणाऱ्या रंगाने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.